छपरावरील बर्फ आणि त्याचा अडसर

आपल्या महाराष्ट्रांत छप्पर म्हटलें म्हणजे प्रथम पाऊस आठवतो. छप्पर गळूं नये, पाणी झरझर वाहून जावें आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या, एवढें साधलें कीं घर बांधणारा कृतकृत्य होतो. पाणी छपरावर थांबत नाहीं. म्हणून त्याच्या वजनाचा विचार करण्याची पाळी आपणांवर सहसा येत नाहीं. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे पुष्कळ प्रदेश आहेत कीं, जेथें आकाशांतून पडणारें पाणी बर्फाच्या रूपानें छपरावर आठवडेच्या आठवडे मुक्काम करून राहतें, आणि जावयाची वेळ आली म्हणजे एका क्षणांत सर्वच्या सर्व निघून जातें. आपल्या देशांत काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील उंच भाग, युरोपांत आल्प्स पर्वताचा मुलूख, पूर्वेस जपान, पश्चिमेस कॅनडा आणि अमेरिकेची उत्तरेकडील संस्थानें हे असे प्रदेश होत. आपल्याकडील लोक सहलीसाठीं काश्मिरांत जातात, नोकरीधंद्यासाठीं कॅनडा-अमेरिकेंत घरें करून राहतात. तेव्हां पत्र्याच्या छपरावर बर्फ अडविण्यासाठीं जी योजना करितात तिची माहिती आपणांस अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम या बर्फाच्या वजनाविषयीं सांगतों. नुकतें पडलेलें कोरडें बर्फ पिंजलेल्या कापसासारखें दिसतें व तें खरोखरच हलकें असतें. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच अशा ढिगाचें वजन ५० पासून १०० किलोग्रामपर्यंत भरतें, कारण त्यांत बहुतेक भाग हवेचाच असतो. कांहीं दिवस गेले कीं हें बर्फ आपल्याच भारानें दबतें, आणि तेवढ्याच आकाराच्या ढिगाचें वजन २०० ते ३०० किलोग्राम होतें. त्यावर पाऊस पडला किंवा ऊन लागून तें भिजलें, तर हा आंकडा ४०० किंवा ५०० पर्यंतहि जातो. म्हणून बर्फाची नुसती जाडी पाहून त्याच्या वजनाचा अंदाज करणें फसवें असतें. काल हातभर असलेला थर आज वीतभर दिसला, तरी त्याचें ओझें कमी झालें असें समजूं नये. तो नुसता दबलेला असण्याचा संभव अधिक.

आतां एक मध्यम प्रतीचें घर डोळ्यांपुढें आणा. छपराची एक उतरती बाजू, म्हणजे एक पाखी, १० मीटर लांब आहे आणि आढ्यापासून वळचणीपर्यंतचें तिचें आडवें अंतर ७ मीटर आहे. तिच्यावर अर्धा मीटर जाडीचें, दबून बसलेलें बर्फ आहे. दर चौरस मीटरला १५० किलोग्राम धरले, तर या एका पाखीवर १०,५०० किलोग्राम, म्हणजे साडेदहा टन ओझें झालें. वळचण जमिनीपासून ६ मीटर उंच असेल आणि हें बर्फ तेथून सुटलें, तर केवळ त्या पडण्यानें जमिनीशीं पोंचतांना त्याला ताशीं जवळ जवळ ४० किलोमीटरची गति येते. खालीं उभ्या असलेल्या माणसाला वर पाहण्यासहि अवसर मिळत नाहीं. ज्याला आपण दुरून कापूस म्हणतों तो या वेळीं दरडीसारखा कोसळतो. माणसें त्याखालीं गाडलीं जातात, उभ्या मोटारी चेपतात, आणि खालच्या मजल्याच्या पडवीवर तें कोसळलें तर ती पडवीहि मोडून पडते.

हा धोका पत्र्याच्या छपरास अधिक कां, हा पुढचा प्रश्न. कौलें, लाकडी फळ्या किंवा दगडी पाट्या यांचा पृष्ठभाग खडबडीत असतो व त्यांना जागोजागीं सांधे असतात. तेथें बर्फ अडकून राहतें आणि थोडें थोडें वितळून किंवा तुकड्यातुकड्यांनीं घसरून जातें. पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड व गुळगुळीत असतो. कडक थंडींत बर्फ त्याला गोठून चिकटतें, आणि तोंवर सर्व कांहीं शांत असतें. परंतु ऊन पडलें, वारा उबदार झाला किंवा घरांतील शेगडीची ऊब खालून वर पोंचली, कीं पत्रा चटकन् तापतो व त्याच्या लगत पाण्याचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. धरून ठेवणारें चिकटपण नाहींसें होतें आणि सबंध पाखीवरील थर एकाच वेळीं सुटतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. बर्फ पडत असतांना जितका धोका असतो त्यापेक्षां तें थांबून स्वच्छ ऊन पडल्यावर तो अधिक असतो. आणि लोक घराबाहेर पडतात तेहि नेमके त्याच वेळीं.

पूर्वींच्या लोकांनीं हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनीं सोडविला होता. आल्प्समधील जुनीं शेतकऱ्यांचीं घरें पाहिलीं तर त्यांचीं छपरें बेताच्या उताराचीं व लाकडी ढलप्यांचीं असत, आणि त्या ढलप्या वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून त्यांवर मोठाले दगड ठेवीत. अशा छपरावर बर्फ टिकून राही, आणि तें रहावें अशीच घरधन्याची इच्छा असे. कारण हवेनें भरलेला तो थर दुलईप्रमाणें घरांतील ऊब राखी. वळचणीच्या वरच्या अंगास लोखंडी आंकड्यांत एक गोल ओंडका आडवा बसविण्याची चालहि तिकडे आहे, व ती आजहि पाहावयास मिळते. जर्मन भाषेंत या अडसराला ‘श्नेफांग’ म्हणजे बर्फ पकडणारा, आणि जपानी भाषेंत ‘युकिदोमे’ म्हणजे बर्फ थांबविणारा, असें म्हणतात. उलट जपानांतील शिराकावा या खेड्यांतील गवती छपरें सुमारें ६० अंशांपर्यंत उभीं केलेलीं असतात. तेथें बर्फ फार सांचूंच नये असा हेतु आहे.

काश्मिरांतील इतिहास या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे. तेथें पूर्वीं लाकडी तुळयांवर भूर्जवृक्षाची साल अंथरून तिच्यावर मातीचा जाड थर देत असत. वसंत ऋतूंत त्या मातींत गवत उगवे व फुलें फुलत. हिवाळ्यांत तिच्यावर पडलेलें बर्फ तेथेंच राही आणि लोक तें फावड्यांनीं ओढून काढीत. विसाव्या शतकांत मातीचीं हीं छपरें मागें पडलीं व त्यांच्या जागीं जस्ताचा मुलामा दिलेले पन्हळी पत्रे आले. गळती थांबली, मातीचें ओझें गेलें, दर वर्षीं डागडुजी करण्याचा त्रास वांचला. पण छपरावर बर्फ धरून ठेवणारा मातीचा खडबडीतपणाहि त्याबरोबर गेला. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ नांवाचा ४० दिवसांचा कडक थंडीचा काळ तेथें सुरू होतो. त्या दिवसांत पत्र्यावरून बर्फ धडाडकन् अंगणांत कोसळण्याचा आवाज काश्मिरी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. घरासभोंवार मोकळें अंगण असेल तर त्यापासून फारशी हानि होत नाहीं. गल्ली अरुंद असेल, दुकानाचें दार वळचणीखालीं असेल किंवा शाळेची मुलें तेथूनच जात असतील, तर मात्र तोच आवाज जीवघेणा ठरतो.

यांतून दोनच मार्ग निघतात. बर्फाला जाऊं द्यावें, किंवा त्याला अडवावें. पहिल्या मार्गांत छपराला भरपूर उतार देऊन खालची जागा मोकळी राखावी लागते. तेथें दार नसावें, वाट नसावी, शेजाऱ्याची हद्द नसावी. दुसऱ्या मार्गांत छपरावर अडसर बसवून बर्फ जागच्या जागीं धरून ठेवावयाचें व त्याला सावकाश वितळूं द्यावयाचें असतें. हे दोन्ही मार्ग योग्य आहेत. मात्र कांहीं भागांत एक आणि कांहीं भागांत दुसरा असा अर्धवट कारभार केला कीं संकट ओढवतें, हें पुढें दिसून येईल.

अडसरांचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारांत छपरावर वळचणीस समांतर अशी एक किंवा अधिक आडवी कांब अथवा नळी बसवितात. कुंपणाच्या कठड्याप्रमाणें ती सबंध पाखीच्या लांबीभर जाते. दुसऱ्या प्रकारांत सुटे, तळहाताएवढे अडथळे ओळींनीं पसरून बसवितात, आणि ते सारे मिळून बर्फाच्या थराला जागोजागीं टेंका देतात. कठडा कशालाहि न धरतां पत्र्यावर उभा राहूं शकत नाहीं. त्याला पत्र्याशीं जोडावें लागतें, व खरी मख्खी या जोडणींत आहे.

उत्तम प्रतीच्या पत्र्याच्या छपरांत लगतच्या दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडतात. आढ्यापासून वळचणीपर्यंत अशा उभ्या दुमडींच्या रेघा दिसतात. या दुमडीवर धातूचा एक ठोकळा घोड्यावरील खोगिराप्रमाणें बसवून तो बाजूच्या स्क्रूंनीं आवळतात. याला आपण चिमटा म्हणूं. स्क्रूचें टोंक बोथट असतें. तें दुमडीला दाबून धरतें पण भोंक पाडीत नाहीं. म्हणून छप्पर अभंग राहतें. पन्हळी पत्र्याला अशी दुमड नसते. तेथें अडसराचा पाय पत्र्यांतून आरपार स्क्रू मारूनच बसवावा लागतो, आणि तो स्क्रू खालच्या वाशांत किंवा भक्कम आडव्या लाकडांत गेलाच पाहिजे. नुसत्या पत्र्याला धरलेला स्क्रू पहिल्याच हिवाळ्यांत उपटून येतो. भोंकाभोंवतीं चांगल्या रबराची चकती व न वाळणारें लांबण लावून पाणी अडवावें लागतें. गोंदानें चिकटविण्याचे अडथळेहि बाजारांत मिळतात. परंतु गोंदाला स्वच्छ कोरडा पृष्ठभाग व उबदार हवा लागते, आणि तो पूर्ण धरावयास दिवसच्या दिवस जातात. हिवाळा तोंडावर आल्यावर घाईनें चिकटविलेल्या अडथळ्यावर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे.

पत्र्याला भोंक पाडण्याविषयीं एवढी खबरदारी कां, याचें कारण पावसाखेरीज आणखीहि एक आहे. धातु उष्णतेनें वाढतो व थंडीनें आखडतो. १० मीटर लांबीचा पोलादी पत्रा ६० अंश सेल्सियसच्या फरकांत सुमारें ७ मिलिमीटर लांब-आंखूड होतो. ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारें १४ मिलिमीटर. लांब पत्रा दोन ठिकाणीं घट्ट खिळून टाकला तर ही हालचाल भोंकांवर सूड उगविते. भोंकें लांबट होतात, रबर फाटतें आणि छप्पर गळूं लागतें. म्हणून दुमडीच्या छपरांत पत्रे खालच्या लाकडाशीं ज्या पकडींनीं जोडतात त्यांतील कांहीं स्थिर व बाकीच्या सरकत्या ठेवतात. स्थिर पकडी पत्र्याला एका पट्ट्यांत धरून ठेवतात, सरकत्या त्याला हलूं देतात.

आतां अडसरावर पडणाऱ्या जोराचा हिशेब पाहूं. उतरत्या पृष्ठभागावरील वजनाचा कांहीं हिस्सा खालीं दाबतो व कांहीं हिस्सा उताराच्या दिशेनें ढकलतो. उतार १५ अंशांचा असेल तर ढकलणारा हिस्सा सुमारें एक चतुर्थांश, ३० अंशांचा असेल तर अर्धा, आणि ४५ अंशांचा असेल तर सुमारें सात दशांश असतो. पत्रा ओला असतांना घर्षणाचा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून युरोपीय देशांनीं २००३ सालीं ठरविलेल्या बर्फाच्या भाराच्या मानकांत, अडसरावरील जोर मोजतांना घर्षण शून्य धरावें असें सांगितलें आहे. आपण मघां कल्पिलेल्या पाखीचा उतार ३० अंशांचा माना. साडेदहा टनांचा अर्धा भाग, म्हणजे ५,२५० किलोग्रामचा जोर अडसरावर येईल. छपराच्या उभ्या दुमडी ५० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर १० मीटरांत सुमारें २० दुमडी आल्या. प्रत्येक दुमडीच्या वांट्यास २६० किलोग्रामहून थोडा अधिक जोर आला. समजा, कारखानदारानें त्या विशिष्ट पत्र्यावर व त्या विशिष्ट दुमडीवर चांचणी घेऊन एका चिमट्याला १५० किलोग्रामपर्यंतचा जोर निर्धास्तपणें द्यावा असें सांगितलें आहे. मग चिमट्यांची एक ओळ अपुरी पडेल हें उघड आहे. दोन ओळी लागतील. शोभेसाठीं वळचणीवर एकच ओळ लावून घर सुरक्षित झालें असें मानणाऱ्यानें एवढें गणित अवश्य करून पाहावें. यांत शाळेंतील त्रैराशिकापलीकडे कांहीं नाहीं.

परंतु चिमटा टिकला म्हणजे सर्व टिकलें असें नाहीं. बर्फानें कांबेला ढकललें, कांबेनें चिमट्याला, चिमट्यानें दुमडीला, दुमडीनें पत्र्याला, पत्र्यानें स्थिर पकडींना, पकडींनीं वाशांना आणि वाशांनीं भिंतींना. ही सांखळी आहे, व तिचें बळ तिच्यांतील सर्वांत दुबळ्या कडीइतकेंच. चिमटे दणकट घेतले आणि स्थिर पकडी मात्र जुन्या व मोजक्याच राहिल्या, तर अडसर पत्र्याला घेऊनच खालीं येईल. म्हणून अडसर बसविण्यापूर्वीं पत्रा कोठें व किती पकडींनीं धरला आहे याची चौकशी करणें हें कारागिराचें पहिलें कर्तव्य होय. त्याचप्रमाणें अडसराचा एकादा पाय पत्र्यांतून आरपार वाशास जखडला, तर पत्र्याला दुसराच स्थिर बिंदु उत्पन्न होतो व त्याची मोकळी हालचाल खुंटते, हेंहि विसरतां कामा नये.

अडसर बसवावा कोठें? वळचणीच्या अगदीं टोंकाशीं नव्हे. वळचणीचा भाग भिंतीच्या बाहेर लोंबकळत असतो. त्याच्यावर भार टाकला तर वाशांचीं टोकें वांकतात. सर्वांत खालची ओळ बाहेरच्या भिंतीच्या रेषेवर किंवा किंचित् वर यावी, म्हणजे ओझें सरळ भिंतींत उतरतें. पाखी लांब असेल तर बाकीच्या ओळी वरच्या बाजूस अंतराअंतरानें वांटून द्याव्या. धुराडें, हवेचे नळ यांच्या वरच्या अंगास अडसर नसेल तर सरकणारें बर्फ त्यांना मुळांतून उखडून नेतें. कांबेच्या खालून बर्फाच्या गोठलेल्या लाद्या निसटूं नयेत म्हणून दोन दुमडींच्या मध्यें लहान पट्ट्या लोंबत्या ठेवतात.

येथें एका नेहमींच्या काटकसरीचा उल्लेख केला पाहिजे. दारावरच तेवढा एक-दोन मीटर अडसर बसवावा व बाकी छप्पर मोकळें सोडावें, असा मोह पुष्कळांना होतो. बर्फाचा थर ही चादरीसारखी एकसंध वस्तु असते. मोकळ्या भागांतील बर्फ घसरूं लागलें म्हणजे तें शेजारच्या अडलेल्या बर्फालाहि ओढतें आणि त्या आंखूड अडसरावर त्याच्या वांट्यापेक्षां कितीतरी अधिक भार येतो. तो तुटला तर अडसराची कांबहि बर्फाबरोबर दारांतच पडते. म्हणून अडसर वळचणीच्या संपूर्ण लांबीस असावा हेंच बरें.

धातूंच्या आपसांतील वैराकडेहि लक्ष द्यावें लागतें. दोन भिन्न धातु पाण्यांत एकमेकांस टेंकले कीं त्यांतील दुर्बळ धातु झिजूं लागतो. तांब्याच्या छपरावर ॲल्युमिनियमचा चिमटा लावला तर तो कांहीं वर्षांत खाऊन जाईल. तांब्यावरून आलेलें पाणी जस्ताच्या मुलाम्यालाहि बाधतें. म्हणून तांब्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे, आणि जस्ताच्या अथवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचे चिमटे योजितात.

काम करण्याची रीत साधी असली तरी तींत शिस्त पाहिजे. तें कोरड्या दिवसांत, हिवाळ्याच्या पुष्कळ आधीं करावें. छपरावर चढणाऱ्यानें आढ्याशीं पक्की बांधलेली सुरक्षेची दोरी व पट्टा वापरलाच पाहिजे. गुळगुळीत पत्रा बर्फाप्रमाणें माणसालाहि धरून ठेवीत नाहीं. प्रथम रंगाच्या दोरीनें सरळ रेषा आंखावी, प्रत्येक दुमडीवर चिमटा बसवावा आणि कारखानदारानें सांगितलेल्या प्रमाणांत, जोर मोजणाऱ्या पान्यानें, स्क्रू आवळावा. हाताच्या अंदाजावर विसंबूं नये; सैल चिमटा सरकतो आणि अति आवळलेला पत्रा चिरतो. मग चिमट्यांतून कांब ओंवावी, कांबेचे सांधे जोडतांना तिच्या वाढण्यास फट ठेवावी आणि तिचें टोंक शेवटच्या चिमट्यापासून फार बाहेर जाऊं देऊं नये. पहिला हिवाळा सरल्यावर एकवार सर्व स्क्रू पुन्हां तपासावे.

श्रोतेहो, येथवर बर्फ कसें अडवावें हें सांगितलें. परंतु ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतें ती आतां सांगावयाची आहे. बर्फ अडविणें म्हणजे त्याचें ओझें घरानें पत्करणें. मघां उल्लेखिलेल्या युरोपीय मानकाप्रमाणें सामान्यतः ३० अंशांपर्यंतच्या उताराच्या छपरावर जमिनीवरील बर्फाच्या भाराचा ०.८ भाग धरतात. उतार वाढत गेला तसतसा हा भाग कमी होतो. ४५ अंशांना तो ०.४ उरतो आणि ६० अंशांना शून्य होतो, कारण एवढ्या उतारावर बर्फ टिकणार नाहीं असें गृहीत असतें. मात्र अडसर बसविले असतील तर उतार कितीहि असो, ०.८ पेक्षां कमी भार धरतां येत नाहीं. याचा अर्थ काय झाला? ४५ अंशांच्या जुन्या छपरावर अडसर बसविले कीं त्याखालच्या वाशांनीं व भिंतींनीं पेलावयाचें बर्फाचें ओझें एकदम दुप्पट होतें. ६० अंशांच्या छपराला तर ज्या ओझ्याचा बांधणाऱ्यानें विचारच केला नव्हता तें नवेंच येऊन बसतें. रस्त्यावरील वाटसरूचा धोका टळतो, पण घरांतील माणसांच्या डोक्यावर एक नवा धोका उभा राहतो.

बर्फाचा भार मोठ्या इमारतींचें काय करूं शकतो हें २००६ सालच्या जानेवारींत युरोपनें पाहिलें. २ जानेवारी रोजीं जर्मनींतील बाड राइखेनहाल येथील बर्फावर घसरण्याच्या क्रीडागृहाचें छप्पर कोसळून १५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. २८ जानेवारी रोजीं पोलंडमधील कातोवित्से शहराजवळच्या एका प्रदर्शनगृहाचें छप्पर बर्फाच्या भाराखालीं कोसळून ६५ माणसें दगावलीं. या छपरांवरून बर्फ घसरून जाण्यासारखें नव्हतें, आणि दोन्हीं ठिकाणीं बांधणींतील दोष उघडकीस आले. अडसरांचा त्या दुर्घटनांशीं संबंध नव्हता; परंतु छपरावर राहिलेल्या बर्फाचा विचार घराच्या हाडांपर्यंत जाऊन करावा लागतो, हा धडा त्यांतून मिळतो. दोषी बांधणी एरवीं वर्षानुवर्षें उभी राहते. बर्फ तिची परीक्षा घेतें.

मग घरावरील बर्फ फावड्यानें काढून टाकावें, असें कोणी म्हणेल. जपानांत तसें करितात. परंतु २००५-०६ च्या हिवाळ्यांत तेथें अतिवृष्टीसारखें बर्फ पडलें तेव्हां १५२ माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यु बर्फ उपसण्याच्या कामांत, छपरावरून पडून किंवा पडणाऱ्या बर्फाखालीं सांपडून झाला. त्यांत वयोवृद्ध माणसें पुष्कळ होतीं. तरुण मंडळी शहरांत गेल्यावर खेड्यांतील छप्पर साफ करण्याचें काम म्हाताऱ्यांवर येऊन पडतें. तेव्हां हा उपायहि निर्धोक नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं, असें आपण म्हणतों. बर्फाच्या मुलुखांत तें आढ्याच्या दिशेनें चढूं लागतें! घरांतील ऊब छपरांतून निसटली म्हणजे बर्फ तळाशीं वितळतें. तें पाणी वाहत वाहत भिंतीबाहेरच्या थंड वळचणीवर येतें व तेथें गोठतें. तेथें बर्फाचा बांध तयार होतो, मागून येणारें पाणी त्याच्यामागें तुंबतें, उताराच्या उलट वर सरकतें आणि पत्र्याच्या सांध्यांतून घरांत शिरतें. अडसरानें बर्फ धरून ठेवलें कीं या गोष्टीला वाव अधिक मिळतो. यावरचा उपाय अडसरांत नाहीं. तो छपराखालीं आहे. माळ्यावर ऊब राखणारा जाड थर घालावा, आणि त्या थराच्या व पत्र्याच्या मध्यें वळचणीपासून आढ्यापर्यंत थंड हवा खेळती ठेवावी, म्हणजे पत्रा बाहेरच्या हवेइतकाच थंड राहतो.

सारांश, ज्याला पत्र्याच्या छपरावर अडसर बसवावयाचे आहेत त्यानें क्रम उलटा धरावा. दुकानांतील चिमट्यांपासून आरंभ न करितां भिंतींपासून करावा. भिंती व वासे वाढलेलें ओझें पेलतील काय, हें स्थापत्यशास्त्र जाणणाऱ्याकडून प्रथम पाहून घ्यावें. आपल्या देशांत बर्फाच्या भाराविषयीं भारतीय मानक ८७५ चा चौथा भाग त्यासाठीं आहे. नंतर पत्रा खालच्या लाकडाशीं कसा धरला आहे तें पाहावें. मग चिमट्यांची व ओळींची संख्या हिशेबानें ठरवावी, आणि शेवटीं कांब विकत आणावी. भिंती ओझें पेलण्याजोग्या नसतील तर अडसराचा नाद सोडून दार दुसऱ्या बाजूस न्यावें, वळचणीखालची वाट बंद करावी किंवा दारावर स्वतंत्र, भक्कम मांडव उभारावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आणि आपणांपैकीं जे कोणी हिवाळ्यांत काश्मिरांत किंवा हिमाचलांत सहलीस जातील त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन पडलें असेल आणि शेजारीं पत्र्याचें उतरतें छप्पर असेल, तर छायाचित्र घेण्यासाठीं त्याच्या वळचणीखालीं उभें राहूं नये. मुलांना तेथें खेळूं देऊं नये. चालतांना भिंतीपासून दूर, मोकळ्या बाजूनें चालावें. छपरावर अडसर असला तरी त्याचें गणित कोणी केलें आहे कीं नाहीं, हें खालून दिसत नाहीं.